उष्टी ताटली

बडोदा,
९ जून १९९४

प्रिय अभिमन,

आणि म्हणे मी तुझी नोकरी घालवली! नरडाणा गावभर तेच सांगत फिरतोस ना? आईनं शेजारच्या लताबाईकडून पत्र लिहवून घेतलं, त्यात पहिलीच ओळ ती. धाकट्याचं बरं बघवलं नाही म्हणून गिरधरनं मॅनेजरचे कान भरले. वा रे वा! दोन वर्षं हॉटेलच्या कोर्सचा कागद घेऊन हिंडतोस, कुठंच लागत नाहीस, ते पण माझ्यामुळेच का?

आमच्या हॉटेलात मुलाखतीला आलास तेव्हा नॅपकिनचं कमळ तू झकास केलंस, खोटं बोलणार नाही. पदार्थांची इंग्रजी नावं घडाघडा म्हटलीस. मला ती आजही वाचता येत नाहीत, चौथीत शाळा सोडली मी. पण स्वतःचं जेवण झाल्यावर मॅनेजर रतिलालभाईंनी मुद्दाम उष्टी ताटली तुझ्यापुढं सरकवली, तेव्हा तू इकडंतिकडं बघत उभा. कोणीतरी येईल उचलायला! अरे, परीक्षा ती होती. कमळ नव्हे.

गावात लग्नाच्या पंगतीला तू कायम पहिल्या ओळीत बसलास. मी वरण-बट्टी वाढायचो, मग पत्रावळी उचलायचो. आई म्हणायची, त्याले काम सांगू नको, तो साहेब शे. मीही इथं आल्या आल्या चुकलोच. गिऱ्हाईक बस, पुरे म्हणालं आणि मी आपल्या पंगतीसारखी आग्रहानं आणखी दोन पळ्या डाळ त्याच्या ताटात ओतली. आपल्याकडं नको म्हणणाऱ्याला वाढलं नाही तर पाहुणा रुसतो. इथं त्यानं ताट ढकललं नि आरडाओरडा केला. तेव्हापासून गिऱ्हाईकाचं तोंड बघायला शिकलो. कोणाला गाडी गाठायचीय, कोण बायकोशी भांडून आलंय, कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो. शिव्या खाऊन, माफ करा शेठ, म्हणायला शिकलो. तुझ्या नाशिकच्या कोर्सात हे नव्हतं? तीन वर्षं नुसती कमळंच केलीस?

पण राग ताटलीचा नाही. तू मला हाक मारलीस, ए, उचल रे हे. रतिलालभाईंनी विचारलं, ओळखतोस याला? तू म्हणालास, गावचा आहे, आमच्या शेतावर गडी होता. मी ताटली उचलली आणि आत गेलो. तुला वाटलं, तुझा कागद बघून बोलावलंय. अरे येड्या, माझा सख्खा भाऊ आहे, त्याला बोलवा, म्हणत महिनाभर मीच त्यांच्या मागं लागलो होतो. ठाऊक असूनच त्यांनी विचारलं. तू गेल्यावर म्हणाले, भावाला ओळख देत नाही तो गिऱ्हाईकाला काय मान देणार? मी कान भरले नाहीत, हात जोडले. पोरगा घाबरला होता म्हटलं. आठ दिवसांनी ते बरं म्हणाले. एक तारखेला यायचं, महिनाभर माझ्या हाताखाली उष्टं काढायचं, मग तुझी इंग्रजी. आणि कोणी विचारलं तर मी तुझा कोण, ते मोठ्यानं सांगायचं. जमत नसेल तर तिथंच बस.

तुझाच,
शेतावरचा गडी,
गिरधर

ता. क. गाडीभाडं मनिऑर्डरनं पाठवलंय. फक्त येण्याचं, परतीचं धरलेलं नाही. पंचाहत्तर रुपये.