तुझ्या मापाची बंडी

आधी भांडण, मग खुशाली. फोनवर मी तोंड उघडलं की तुझं ठरलेलं, आजी, ड्युटीवर आहे, नंतर बोलू. तुझं ते नंतर काही उजाडत नाही. परदेशी पोपटांसाठी तुझ्याकडे वेळच वेळ, आणि जिने तुला न्हाऊ-माखू घातलं ती बसली वाट बघत. म्हणून आज कागद घेतला. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. लागेल तसं लाव, पण शेवटपर्यंत वाच.

प्रिय बटण,

लहानपणी माझ्या डब्यातलं बटण गिळून घर डोक्यावर घेतलं होतंस, तेव्हापासूनचं हे नाव. आता वर्दी घालून विमानतळावर लोकांच्या बॅगा उपसतेस, तरी मला तू बटणच. तुझी आई बरी आहे. माझे गुडघे मशीनपेक्षा जास्त वाजतात. शिवणाचं दुकान चालू आहे. पुढे जे लिहितेय त्यातलं तुझ्या आईला काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तू तो फोटो पाठवलास ना, हात वर करून उभा असलेला माणूस, शर्टाखाली बंडी आणि बंडीच्या खिशाखिशात पोपटाचं अंडं? केवढी खुशीत होतीस. म्हणालीस, हे पोपट त्या एका जंगलाबाहेर कुठे उरलेले नाहीत. कितीतरी देशांनी एकत्र बसून ठरवलंय की असली पाखरं कुणी विकायची नाहीत, आणि तिकडच्या अधिकाऱ्यांनी वेळेवर कळवलं म्हणून हा सापडला. थोड्या अंड्यांतून पिल्लं निघाली, ती परत त्यांच्या देशात धाडायची खटपट चाललीय. अंडी उबेवर जगतात म्हणून पोटाशी बांधून आणतात म्हणे. मी म्हटलं, बघ बाई, स्वतःचं पोर कधी कडेवर घेतलं नाही त्या बाप्यांना अंडी उबवायला बरी जमतात. तू हसलीस, मीही हसले. त्यानंतर मी हसलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी माझं एक गिऱ्हाईक आलं. मी त्याला अत्तरवाला म्हणते. अत्तराच्या बाटल्या घेऊन देशोदेशी फिरतो, असं सांगायचा. त्याला मी मागे बंड्या शिवून दिल्या होत्या, आतून मऊ फ्लॅनेल, खिशांना इलॅस्टिक. खिशाच्या मापाला त्याने टेबलटेनिसचा चेंडू दिला होता. गोल बाटल्या कसल्या हो, असं मी विचारलंही. म्हणाला, फॅशन आहे. फॅशन म्हटलं की शिवणाऱ्याने गप्प बसायचं असतं. माणूस गोड. चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवणारा.

तर तो आला आणि माझ्या जिभेला कुठला दम? फोन काढला, त्याच्या हातात दिला. म्हटलं, बघा, माझ्या नातीने पकडला. त्याने चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. खिशाच्या तोंडाशी उलटा तिरका टाका. सासूने मला शिकवलेला, मी तुझ्या दप्तराला घालून तुला शिकवलेला. दुसऱ्या कुणाच्या हातात तो टाका मी अजून पाहिलेला नाही.

फोटोतली बंडी माझ्याच हातची. तो मात्र चिडला नाही, दचकला नाही. पुढचा फोटो सरकवला. त्यात तू, वर्दीतली. बराच वेळ बघत बसला. फोनमध्ये आणखी काय काय चाळलं मला कळलं नाही, म्हणून त्या फोनवर मी हे बोलत नाही. मग म्हणाला, गुणी आहे हो नात. आणखी एक बंडी हवी, बायकांच्या बेताची. मी सवयीने टेप उचलली, विचारलं, माप? कप विसळता विसळता म्हणाला, नातीचंच धरा आजी, तुम्हाला पाठ असेल.

तेव्हापासून समोरच्या टपरीवर एक माणूस बसतो. चहा पितो आणि माझ्या दाराकडे बघतो. मी शटर ओढलं की उठतो. मांडीवर कात्री घेऊन बसते मी, पण शिवणाची कात्री ती, तिने काय होणार? बंडी शिवली. न शिवून सांगते कुणाला? खुंटीवर लटकते आहे, तुझ्या खांद्यांची, तुझ्या छातीची, आत कुणी नसलेली. तिच्याकडे पाठ करून मला मशीन चालवता येत नाही. शुक्रवारी तो न्यायला येणार आहे.

मी अडाणी असेन, पण एवढं समजतं. वर्दीतल्या बाईच्या अंगाला झडतीसाठी कुणी हात लावत नाही. तुला धाक घालून ती बंडी घालायला लावतील, नाहीतर तुझ्या कपाटात कोंबून तुलाच चोर ठरवतील. हे दोन झाले. तिसरं लिहायला हात वळत नव्हता, म्हणून इतकं पाल्हाळ लावलं. तो टाका तुझ्या डोळ्यांसमोर होता, बटण. तू ओळखला नाहीस? की ओळखलास आणि म्हणून माझा फोन टाळतेस? की त्याने तुझं माप उगाच सांगितलं नाही, तुझं त्याचं आधीच ठरलंय? मला शपथा नकोत. लहानपणी बटण गिळून, मी नाही गिळलं, असं म्हणताना तुझा चेहरा किती सरळ होता ते मी बघितलंय. हे पत्र घे आणि तुझ्या वरच्या बाईसाहेबांच्या हातात दे, माझ्या टाक्यासकट, माझ्या नावासकट. शुक्रवारच्या आत त्यांनी माणसं पाठवावीत, शर्ट शिवायला आल्यासारखी. मला धरायचं तर धरू देत, चष्मा आणि गुडघ्यांचं तेल पिशवीत भरून ठेवलंय. तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी ते फोडणार नाही. उत्तर बाईसाहेबांनी द्यायचं, तू नाही.

तुझीच,
आजी