दोन जावई, दोन टॅब आणि माझा उरक

सोलापूर,
धोंड्याच्या महिन्यातला सोमवार

करकंबच्या थोरल्या वन्संच्या पायावर मथुराचं डोकं.

काल पयली आली ती गुरम्मा. जावई यायच्या आधी, औक्षणाचं ताट लागायच्या आधी, मी अजून ओल्या केसाला टॉवेल गुंडाळून उभी, तवर ही दारात. हातात रिकामी वाटी, म्हणं विरजण पाहिजे. (गुरम्मा म्हंजे आमची भिंतीपलीकडची शेजारीण, माहेर अक्कलकोटकडचं, मन सोन्याचं पण कान लई लांब. विरजण तिला मी परवाच दिलेलं. तिला बघायचं होतं ते माझे दोन्ही जावई एका छपराखाली बसत्यात का.) ते राहू द्या, आधी तुमचा गुडघा कसा हाय ते कळवा. एरंडाचं पान बांधता न्हवं? आणि या उन्हात कुरडया वाळवाय माडीवर चढू नका, सुना हायेत की घरात. माझी तब्येत अशी ठणठणीत हाय की कालपासून मला जिना चढताना दम लागंना. का लागंना, तेच सांगाय बसले.

तुमाला ठाऊक हाय तरी पयल्यापासनं सांगते, न्हायतर मजा येणार न्हाय. थोरले जावई इंद्रजीतराव, आपल्या विजयमालेचे, टेंभुर्णीला मालट्रकचा धंदा. धाकटे देवदत्तराव, इंद्रायणीचे, पुण्याला मोठ्या कंपनीत. दोघंबी गुणाचे, सुपारीच्या खांडाचं व्यसन न्हाय, पण दोघांना टॅब म्हणून जे पाटीएवडं यंत्र असतं त्याचा भारी नाद. धाकट्यांकडं सफरचंदवालं, थोरल्यांकडं हिरव्या बाहुल्याचं. तीन दिवाळ्यांमागं आमच्याच ओसरीवर एक फोटो या यंत्रातून त्या यंत्रात जाईना. मांडीला मांडी लावून बसले तरी जाईना. धाकटे म्हणाले, चांगलं यंत्र घ्या की एकदा. थोरले म्हणाले, जे सोयऱ्याला ओळखत न्हाय ते कसलं चांगलं. झालं. तवापासून एक आला की दुसऱ्याला नेमकं काम निघतं. त्यांचं जाऊ द्या वन्सं, पुरुषाची जात रुसायचीच, पण माझ्या दोन पोरी तीन वर्षांत एका वेळी माझ्या घरात निजल्या न्हाईत. एक पंचमीला यायची तर एक दिवाळीला. घर कसं एका चाकाच्या गाडीवाणी.

यंदा धोंड्याचा महिना आला आणि मी ठरवलं. पुढचा धोंडा तीन वर्षांनी, तवर मी असंन का फोटोत असंन, कुणी सांगावं. घालायचे तर दोघांना एकाच पंगतीत धोंडे घालायचे. म्हणून टेंभुर्णीला फोन लावला आणि म्हटलं, जावईबापू, मला पोथी मोठ्या अक्षरात वाचाय टॅब घ्यायचाय, पण धाकटे म्हणत्यात की एका वेळी चार कामं फकस्त त्यांच्याच यंत्राला जमतात. मग पुण्याला लावला आणि हेच उलटं करून सांगितलं. (खोटं म्हणू नका. दोघं कवातरी असं बोललेच असतील, मी फकस्त निरोप पोचवला.) दोघंबी एकाच शब्दात म्हणाले, ऐतवारी येतो. फोन ठेवून मी देवापुढं साखर ठेवली.

तर गुरम्मेच्या मागोमाग इंद्रजीतराव आले आणि नंतर देवदत्तराव, दोघंबी माझ्या पोरींसकट. दोघांनी आपापलं यंत्र असं छातीशी धरलेलं, जसं जावळाला पोरगं आणलंय. सोफ्याच्या दोन टोकांना दोघं, मधी मी. बोलायचं माझ्याशी, ऐकवायचं पलीकडच्याला. धाकटे सारखं मल्टिटास्किंग आणि प्रॉडक्टिव्हिटी म्हणत होते. मी इंद्रायणीला विचारलं, ती म्हणाली, एका वेळी चार कामं करणं आणि ती उरकणं. म्हटलं एवडंच व्हय? आपल्यात त्याला उरक म्हणत्यात. पोरगी बघाय गेलं की नाकाडोळ्याच्या आधी आपण तेच बघतो. तुमी मला बघाय आला होता तवा मी एका हातानं चूल फुंकत होते आणि दुसऱ्यानं म्हशीला हाकलत होते, तुमीच भावाला म्हणाला होता, हीच करा.

म्हणून मी म्हटलं, परीक्षा मी माझ्या पद्धतीनं घेणार. ताट वाढल्यावाणी. मीठ, लिंबू, चटणी डावीकडं, भाजी, आमटी उजवीकडं, एकाचा रस दुसऱ्यात जाता कामा नये आणि मागं चुलीवर वरण मंद उकळत राहिलं पाहिजे. यंत्रात मला एका बाजूला पोथी पाहिजे, एका बाजूला गुरम्मा चेहऱ्यासकट, आणि मागं भजन चालू राहिलं पाहिजे.

पण पोथीपाशीच घोडं अडलं. सफरचंद चावलेलं निघालं. वन्सं, खोटं न्हाय, पाठीमागं एवडा मोठा घास घेतलेला. उष्ट्यावर पोथी कशी वाचायची? धाकट्यांनी लई समजावलं, ते चित्र हाय, कंपनीची खूण हाय. थोरले गालातल्या गालात हसाय लागले. मग मी त्यांचं बघितलं, तर तो हिरवा बाहुला टकला आणि डोक्यावर दोन शिंगं. म्हटलं, जावईबापू, तुमी हसू नका, तुमच्यात तर राक्षस बसलाय. शेवटी विजयमालेनं दोन्ही यंत्रांखाली स्वच्छ खण अंथरला आणि देवाची माफी मागून पुढं गेलो.

आता खरी तुलना ऐका, तुमच्या भिशीतल्या बायकांना सांगाय उपयोगी पडंल. सफरचंदात खिडक्या पत्त्यांवाणी एकावर एक पसरता येत्यात, लहान करा, मोठी करा, कोपऱ्यात सारा. प्रत्येक खिडकीला लाल, पिवळा, हिरवा ठिपका, आपल्या सात रस्त्याच्या सिग्नलवाणी, आणि सात रस्त्यावाणीच मी कुटंबी घुसले. बोटाला तूप होतं, पोथी कडंला ढकलली तर ती पदराआड गेल्यावाणी निम्मी नाहीशी झाली. बाहुल्यात तसं न्हाय, मधी एक दांडी, हा भाग तुझा, तो भाग माझा, भावाभावांच्या बांधावाणी. पण बांध कोरायची सवय आपल्या रक्तातच हाय, मी दांडी जरा सारली तर पोथीनं सगळं रान घेतलं आणि गुरम्मा गेली. भिंतीपलीकडनं आवाज आला, "काय री अक्का, तोंडावर फोन तोडतीस?"

तिच्यामुळं तर लई घोटाळा झाला. ती पलीकडं तिच्या स्वयंपाकघरात उभी, मधी वीतभर भिंत. तिचं बोलणं आधी भिंतीतनं यायचं आणि मग यंत्रातनं. तेच तेच दोनदा. (गुरम्मेचं बोलणं एकदाबी ऐकवत न्हाय, दोनदा कोण ऐकणार.) कुणाच्या यंत्रातनं आवाज लवकर येतो यावर जावयांची जुंपली. गुरम्मा कंटाळून म्हणाली, "यंत्र राहू दे अक्का, भिंतच बरी."

धाकटे म्हणाले, आमच्यात आता मोठं काम मागच्या मागं शिजत राहतं, आपण पुढं दुसरं करायचं. थोरले म्हणाले, तुमचं आत्ता पेटलं, आमचं कवाच शिजतंय. वर थोरलेच म्हणाले, आमच्यात घरातल्या प्रत्येकाची खोली वेगळी, सासूबाईंची पोथी आणि पोरांचे खेळ एकात एक होत न्हाईत. धाकटे म्हणाले, आमचं यंत्र एकट्याचं, एकट्याशी इमानी. मी मनात म्हटलं, गंमत बघा, पुण्यात दोघंच राहणाऱ्याचं यंत्रबी विभक्त आणि टेंभुर्णीच्या मोठ्या घरच्या खटल्यातल्याचं एकत्र. जावई यंत्रासारखे झाले का यंत्र जावयांसारखं, हे काय मला सांगता येत न्हाय.

आणि मग ते झालं. देवदत्तरावांचे साहेब आखातात, तिकडं ऐतवारी कामाचा दिवस. उरक दाखवाय त्यांनी बिस्किटाएवड्या खिडकीत ती मीटिंग कोपऱ्यात लावून ठेवलेली, वर माझी पोथी, शेजारी भजन. मी म्हटलं, मुहूर्त टळतोय, आधी ओवाळून घेते. दोघांना पाटावर बसवलं, यंत्र पुढ्यात. ताट फिरवता फिरवता माझं तुपाचं बोट कुठल्या ठिपक्यावर पडलं काय की, ती बिस्किटाएवडी खिडकी परातीएवडी झाली आणि पाच साहेब माझ्याकडं टकमका बघाय लागले. कोट घातलेले, एक दाढीवाले, एक बाई. आता वन्सं, दारी आलेला पाहुणा. जावयांना ओवाळायचं आणि पाहुण्यांना बघत ठेवायचं, हे आपल्या घराण्यात कवा झालंय का? मी त्या पाचांनाबी ओवाळलं. काचेवर कुंकूबी लावलं, ज्याच्या त्याच्या कपाळावर, बाईंना हळदबी. त्यांनी तिकडनं हात जोडले. दाढीवाले साहेब काय तरी बोलले, देवदत्तराव लालेलाल झाले आणि हळूच म्हणाले, ते विचारत्यात ताटात काय हाय.

तवा इंद्रजीतराव हसले. असे हसले की पाटावरनं कलंडले आणि त्यांचा फेटा देवदत्तरावांच्या मांडीवर. देवदत्तराव आधी दातओठ खात होते, मग तेबी हसाय लागले, मग दोघं एकमेकांना धरून. इंद्रजीतराव यंत्रात तोंड घालून साहेबांना आपल्या मराठीत धोंडा म्हंजे काय ते सांगत होते, पुरण, कणीक, तूप, आणि देवदत्तराव इंग्रजीत पुढं पोचवत होते. तीन वर्षांत पयल्यांदा एकाचा शब्द दुसऱ्यानं उचलला. मी देवघरात जाऊन उगंच वात सारली. डोळ्यात धूर गेला होता.

दोघी पोरी एका ताटात जेवल्या. दुपारी स्वयंपाकघरात फरशीवर आडव्या पडून कुजबुजत होत्या, लहानपणी बोलायच्या तशा, आणि मी आत गेले की गप्प. म्हंजे माझ्याविषयीच चाललेलं. लई बरं वाटलं. थोरलीनं धाकटीची वेणी घातली, धाकटी म्हणाली, ओढतीस किती. दोघी जावयांनी त्याचा फोटो काढला, असं लिहिलं बघा, दोघा जावयांनी, आणि आपापल्या यंत्रातला एकमेकांना दिला. कुठल्या वाटेनं गेला मला कळलं न्हाय, पण गेला.

पण वन्सं, इथंच माझ्या काळजात चर्र झालं. चहाच्या वेळी देवदत्तराव म्हणाले, तसं बघितलं तर दोन्ही सारखीच की दादा. इंद्रजीतराव म्हणाले, व्हय की, ज्याला जे हाताला बसंल ते. आता हे दोघं एकमताचे झाले तर परीक्षा संपली, आणि परीक्षा संपली तर पुन्हा येतो कोण? समजूत झालेला जावई फोनवर भागवतो, भांडणारा मात्र घर गाठतो. मी चटकन म्हटलं, एका दिवसात सून कळत न्हाय तर यंत्र काय कळणार. दोन्ही ठेवून जावा, मी आठ दिवस नांदवून बघते. आणि ज्याला आपलं यंत्र हरतंय असं वाटत असंल त्यानं खुशाल उचलावं.

झालं. कुणी उचलंना. दोघं चपला घालून दारात उभे, यंत्रं खणावर, एक दुसऱ्याच्या हाताकडं बघतोय. तशीच ठेवून गेले. सगळ्या सोलापुरात काल माझ्यासारखी जिंकलेली बाई कुणी नसंल.

घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा, म्हशीला गूळ.

तुमची भावजय,
मथुरा

ता. क. : हे कागदावर का लिहिलं म्हणाल. यंत्रावर लिहिलं की ते जावयांच्या बाकीच्या यंत्रांवरबी उमटतं म्हणत्यात. कागद एका वेळी एकच काम करतो, पण तोंड मिटून करतो. वाचून झाला की चुलीत घाला.

ता. क. दुसरा : मला कुठलं आवडलं ते फकस्त तुमाला सांगते. दोन्ही. एकावर पोथी लावते, दुसऱ्यावर मालिका, आणि गुरम्मा भिंतीतनं. याहून मोठं मल्टिटास्किंग कुठल्या कंपनीनं काढलंय? त्यामुळं विकत घ्यायचा विचार मी कवाच सोडला.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच हाय : आठ दिवस तर निघतील, पण मला ही परीक्षा पंचमीपर्यंत ओढायची हाय. तुमच्या नातवाकडं, अनीशकडं, म्हणं तिसऱ्याच जातीचं यंत्र हाय, खाली टायपाची पट्टी जोडलेलं आणि खिडक्यांचंच नाव असलेलं. तेवडं त्याच्याकडनं मागून एसटीनं पाठवा, शनिवारच्या आत. ते मधी ठेवलं की हे दोघं एक होऊन त्याच्यावर तुटून पडतील, आणि दोघांना एका बाजूनं भांडताना मला एकदा डोळे भरून बघायचंय. पोचायलाच पाहिजे, कारण येत्या ऐतवारी सकाळी नऊला यायचं कबूल करून गेलेत, आणि देवदत्तराव टेंभुर्णीच्या चौकात थांबून थोरल्यांना घेऊन येणार हायेत, दोघी पोरींसकट, एकाच गाडीतनं.