फोन बाईकडे द्या

डॉक्टरसाहेब, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या दवाखान्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, आणि मी मात्र धडधाकट आहे. हे आधी सांगते, कारण सांगताना मला फार बरं वाटतं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

बातमी अशी, की मी डॉक्टरांना शिकवते. माझी नात नगरला नव्या फॅमिली डॉक्टरांना फोनवर पेशंट कसा तपासायचा ते शिकवते. त्याची तालीम असते. नवा डॉक्टर एका खोलीत, दुसऱ्या खोलीत मी खोटी पेशंट. नेआण करायला रिक्षा असते, दुपारी जेवण असतं. वांग्याची भाजी पाणचट करतात, पण ते जाऊ द्या. नात म्हणाली, "आजी, कुठलं दुखणं सांगशील?" म्हटलं, "माझ्याकडं एक तयार हाय."

तुम्हाला काय आठवणार. तिसगावात किराणा दुकानातला तो फोन. माझी तान्ही लेक माझ्याजवळ, आणि फोन सासऱ्यांच्या हातात, कारण आमच्यात सुनेनं परक्या पुरुषाशी बोलायची रीत नव्हती. सासऱ्यांनी दिवसभर पोरीचं तोंडही पाहिलेलं नाही आणि ते सांगताहेत, "सर्दी हाय, किरकिर करती." मी पदराआडून म्हणते, "तिचा श्वास कसा चाललाय ते सांगा की." आणि फोनमधून तुमचा खणखणीत आवाज येतो, "मागं कोण बोलतंय? त्या बाईला गप करा. बाजाराला याल तेव्हा पोरगी आणा." बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा पोरगी नव्हती.

तेच नाटक आता मी करते. नातीच्या दवाखान्याचा ड्रायव्हर माझा सासरा होतो. माझ्या लेकापेक्षा लहान आहे, पण दरडावतो झकास. समोर कुणी नसलं तरी मी बाळ म्हणून मांडीवर उशी घेते. नियम माझा: पोर जिच्याजवळ आहे तिच्याशी बोलायला जो मागणार नाही, तो नापास. नंतर सगळ्यांना बसवून मी तुमचं वाक्य तुमच्या सुरात म्हणून दाखवते. पोरं हसतात, मग वहीत लिहून घेतात. साहेब, तुमची अशी शोभा करताना मला जेवणसुद्धा गोड लागतं.

आणि मग गेल्या आठवड्यात तुमचा नातू आला. आडनाव ऐकलं, गाव विचारलं, खात्री केली. त्याला काही माहीत नाही. इतर पोरं विसरायला लागली की मी मागून जरा हुंदका देते, तेवढी आठवण पुरते. त्याच्या वेळी मी पदराचा बोळा तोंडात धरला. ड्रायव्हर माझ्याकडे बघतोय, मी मान हलवतेय, काही नाही, चालू दे. याला पाडायचंच होतं मला.

"बाबा, बाळ कुणाजवळ आहे?" तुमचा नातू विचारतो.

"तिच्या आईजवळ. पर बायांना काय कळतंय डॉक्टर, माझ्याशी बोला."

"तुम्ही शेजारी बसा बाबा. फोन त्यांच्याकडे द्या."

फोन माझ्या हातात आला आणि माझी पाठ केलेली वाक्यं गेली कुठल्या कुठं. तो म्हणाला, "ताई, मी आहे फोनवर. बाळाचं झबलं वर करा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का?"

उशीकडे बघत मी म्हटलं, "पडतो." एवढंच सांगायचं होतं हो मला तेव्हा.

"लगेच निघा. गाडीत बसेपर्यंत फोन ठेवू नका," तो म्हणाला.

तुमचा सूड घ्यायला तुमच्याच रक्तातला पोरगा उभा राहिला, म्हणून मी घरी येऊन शिरा केला आणि दोनदा वाढून घेतला. हे पत्र टाकायचं नाहीच, तेव्हा खरं लिहिते. गुण देताना मी त्याचा एक कापला. नातीनं कारण विचारलं. मी म्हटलं, आवाज नीट येत नव्हता. आवाज अगदी स्वच्छ येत होता, साहेब. तुमचाच होता.