मामांच्या लोण्यासाठी शास्त्रीय पुरावा

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकून). तब्येत बरी असेलच. डॉक्टरांनी लोणी बंद केल्यापासून फक्त मन बरं नाही, हे फोनवर कळलं. चष्मा अजून मोडकाच असणार, म्हणजे हे पत्र मामीच वाचून दाखवत असेल. दाखवू दे. मामीला पटेल असं काहीतरी शास्त्रीय लिही, ही तुमचीच फर्माईश, आणि ते तिच्याच तोंडून ऐकायला मिळणं म्हणजे तुमची चंगळच.

तर मामा, प्रत्येक पेशीला एक पातळ आवरण असतं आणि त्यात प्रथिनांचे पंप बसवलेले असतात. हे बाहेर फेका, ते आत घ्या, अशी त्यांची दिवसभर हमाली चालू असते. त्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं (हो, तेच, ज्याच्या नावाने मामी तुमच्या ताटावर पहारा देते). ते काढलं तर पंपांचं काय होतं, हे बघणं माझं काम. काढायला साखरेसारखी एक पांढरी पूड असते. ती पाण्यात विरघळवून पेशींवर घालायची आणि थोड्या वेळात धुऊन टाकायची. मी घातली, आणि नेमका तुमचा फोन आला. गरम पावावर वितळणाऱ्या लोण्याचं तुम्ही असं काही वर्णन लावलंत की धुवायचं राहूनच गेलं. पंप पार ढेपाळले. प्रयोगशाळेच्या मुख्य बाई तणतणल्या. मग घाबरून मी कोलेस्टेरॉल परत घातलं, तेही सढळ हाताने, आपल्या घराण्याला शोभेल असं. झालं! आता आवरण इतकं घट्ट झालं की पंपांना हलताही येईना. बाईंनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या खेपेला नव्या पेशी घेतल्या, फोन बंद ठेवला, पूड वेळेवर धुतली, कोलेस्टेरॉल बेताबेताने परत घातलं, आणि पंप असे कामाला लागले की बाईंनी चक्क माझ्यासाठी चहा मागवला.

सांगायचं काय, तर कोलेस्टेरॉलवाचून पंपाचं पान हलत नाही. मामी, ऐकलंस ना? वाचता वाचता जरा थांब आणि मामांना मिशीत हसू दे.

तुमच्या बाजूची,
भाची

ता. क. मामी, इथून पुढे मनातल्या मनात वाच. चेहरा पडलेलाच ठेव, हरल्यासारखा. शरीर लागेल तेवढं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवून घेतं, त्याला मामांच्या लोण्याची काही गरज नाही. रक्ताची तपासणी ते कधीपासून टाळताहेत. उद्या दंडाला धरून ने. मला मामा एकच आहे.

पुन्हा ता. क. लोण्याचा डबा बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीखाली आहे. त्यांनीच सांगितलं फोनवर, अगदी विश्वासाने.