पहिल्या ओळीतलं नाव

सोमवार, ३ जून
लागली बाई एकदाची नोकरी! जेऊरच्या स्टेशनवर आईनं हातावर दही-साखर ठेवली आणि मी सोलापूर गाठलं. उजनीकाठच्या पाण्याच्या मोटारी फोनवरून चालू-बंद करणारं यंत्र आमचं ऑफिस बनवतं. त्याचा लुआ भाषेतला प्रोग्राम मी लिहायचा. महेश्वर सरांची पद्धत अशी, की ज्याची फाईल त्यानं पहिल्या ओळीत आपलं नाव घालायचं आणि रोजची नोंद खाली तिथंच करायची. मी ऐटीत लिहिलं, नाव = उत्कर्षा.

मंगळवार, ४ जून
यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर नाव सिद्धेश्वरी! ही माझ्या आधीची मुलगी. वर्षापूर्वी एकाएकी यायची बंद झाली म्हणे. चूक माझीच, नावाआधी 'लोकल' लिहायचं राहिलं. लोकल म्हणजे घरातला माठ. ते नसलं की चौकातला नळ, कुणीही भांडं लावावं. तिनंही लोकल लिहिलेलं नाही आणि तिची फाईल माझ्यानंतर लोड होते, म्हणून माझ्या नावावर तिचं चढलं. करू दुरुस्त सावकाश.

गुरुवार, ६ जून
वॉचमन वीरभद्रप्पांनी सिद्धेश्वरी म्हणून हाक मारली. थट्टा वाटली, मी चार शब्द सुनावले. मग सरांनीही तीच हाक मारली. हजेरीतही तेच नाव. संध्याकाळी आईचा फोन आला, तिनं विचारलं, सिद्धेश्वरे, जेवलीस का गं.

शुक्रवार, ७ जून
तिची फाईल काढली तर साऱ्या मोटारी बंद पडल्या. सरांनी ती परत घातली, हात लावायचा नाही म्हणाले. शेवटी माझ्या ओळीत लोकल घातलं. आता माझं नाव कुणी पुसणार नाही.

सोमवार, १० जून
नाव शाबूत आहे — पण या फायलीपुरतंच. बाहेर मला कुणी ओळखत नाही. माझी खुर्ची रिकामी समजून सरांनी तिच्यावर पिशवी ठेवली. मी बसलेली असताना. आईला फोन केला.
“कोण बोलतंय? आमाला लेक न्हाय की, बाई.”
लोकल खोडलं तर सिद्धेश्वरी होणार — ठेवलं तर कुणीच नाही — आई गं, काय करू—

मंगळवार, ११ जून
लोकल नाव फाईल चालू आहे तोवरच जगतं. म्हणून लिहीत बसलेय — शेवटची ओळ येऊ द्यायची नाही — सर आलेत. ही कुणाची फाईल उघडी राहिली म्हणून विचारतायत — बंद करतायत — सर, मी आहे हितं — मी उत्क