उपलब्ध नसलेलं तळं

ती. आबासाहेबमामांस,

बरकतपुऱ्याहून नीलिमाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, आमच्या एका खोलीत आडवं पडायला तेवढी जागा नाही.) तुमची साखर आटोक्यात आहे ना? मामींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही नांदेडात भेटेल त्याला सांगता की आमची नीलू हैदराबादला उपग्रह चालवते. मामा, मला अजून इथल्या कोटी भागातल्या चौकातून स्कूटी नेता येत नाही. आमच्या कंपनीने एक सॉफ्टवेअर केलंय. जागा आणि तारखा दिल्या की तिथले उपग्रहाने काढलेले कोणते फोटो मिळण्यासारखे आहेत, त्याची ते यादी देतं. फोटो दाखवत नाही, आहे एवढंच सांगतं. (आत्या माझ्यासाठी स्थळं सांगते, तसंच.) ते कसं वापरायचं याची पुस्तिका लिहिणं, एवढंच माझं काम.

सॉफ्टवेअर लिहिणारा सारंग पुण्याचा. ज्याला ते कळत नाही त्याने ते वापरू नये, असं त्याचं मत, त्यामुळे पुस्तिकेची गरजच नाही. काहीही विचारलं की म्हणायचा, ते उघडच आहे. आमचे साहेब अप्पाराव यांना पुस्तिका हवी होती, पण आखूड. मी निम्मी केली, मग निम्म्याची निम्मी. त्या कापाकापीत ढगांबद्दलचा अख्खा भाग गेला आणि त्या जागी मी एकच सुटसुटीत वाक्य ठेवलं: 'यादीत जे नाही ते उपलब्ध नाही असे समजावे.' अप्पारावांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते ठळक करायला लावलं.

आता ढगांचं असं, की उपग्रह वरून बघतो. पावसाळ्यात त्याला खाली ढगच दिसतात आणि असे फोटो आमचं सॉफ्टवेअर यादीतून गाळतं. एका सरकारी कचेरीत (नाव लिहीत नाही, अजून तिथे जावं लागतं) नवीन आलेल्या साहेबांनी आदिलाबादेकडच्या एका गावच्या तळ्याची चौकशी केली, ती नेमकी भर श्रावणातल्या तारखा घालून. यादी रिकामी आली. त्यांनी पुस्तिका उघडली, ठळक वाक्य वाचलं आणि अहवालात लिहिलं, 'सदर तळे उपलब्ध नाही.' नसलेल्या तळ्याचा बांध कशाला दुरुस्त करायचा, म्हणून दुरुस्तीच्या कामांतून ते वगळलं गेलं. बांध मात्र गळतच राहिला. त्याने पुस्तिका वाचलेली नव्हती.

मला हे कळलं ते वॉचमनच्या फोनवरून. 'मॅडम, नीचे मच्छी आई, आपकू पूछ रई.' खाली गेले तर त्या गावच्या सरपंच सुशीलाबाई, बरोबर दोन माणसं आणि ओल्या पोत्यात मासे. कचेरीतल्या साहेबांनी त्यांना ते वाक्य बोट ठेवून दाखवलं होतं, आणि शेवटच्या पानावर माझं नाव होतं. (तुम्हाला कौतुकाने पाठवलेली प्रत ती हीच. फ्रेम केली असलीत तर भिंतीवरून उतरवा.) बाईंनी आवाज चढवला नाही. एक भलामोठा रोहू काढून रिसेप्शनच्या काचेच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, तळं नाही म्हणता, तर हा कुठं पोहत होता.

मी ढग, फोटो आणि उपलब्धता यांतला फरक समजावू लागले. तोवर सारंगही खाली आला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, पुढच्या पावसात बांध फुटला की खालची घरं जातील. तेव्हा तरी येईल का फोटो?"



मग सारंगनेच बाईंना वर नेऊन शेजारी बसवलं, तारखा हिवाळ्याच्या घातल्या आणि यादी खालपर्यंत भरून आली. फोटो मागवले तर प्रत्येकात तळं, शिवाय बांधापलीकडे झिरपणाऱ्या पाण्याचा ओला पट्टा. अप्पाराव ते घेऊन स्वतः कचेरीत गेले आणि तेलुगूत इतका वेळ इतकं गोड बोलत बसले की साहेबांनी कंटाळून तळं मान्य केलं. बांध दुरुस्त झाला. ढगांचा भाग मी पुस्तिकेत परत घातला. (मासे अप्पारावांनी नेले. ते शाकाहारी आहेत असा आमचा समज होता.) तर सगळं गोड झालं, काळजी नसावी.

मामींना नमस्कार, आणि पथ्य पाळा.

तुमची,
नीलू

ता. क. – येत्या रविवारी त्या गावात बांधाचा समारंभ आहे. मला पाहुणी म्हणून बोलावलंय. नांदेडहून तुम्हाला जवळच पडेल. आलात तर आनंद होईल.

आणखी ता. क. – पाहुणी म्हणून नाही. सुशीलाबाईंनी ठरवलंय की मी साऱ्या गावासमोर कंबरभर पाण्यात उभं राहून 'तळं आहे' असं मोठ्याने म्हणायचं. ही थट्टा आहे की शिक्षा, ते त्यांच्या आवाजावरून कळत नाही. मामा, तुमची सगळी नोकरी तळी बांधण्यात गेली. मामी सांगतात, कोरड्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून तुम्ही लोकांना 'तळं आहे' असं तासन्‌तास पटवायचात. इथे तर पाणीसुद्धा आहे. तेव्हा माझ्याऐवजी तुम्हीच उतरा. टॉवेल मी आणते.