काट्याचं ऐकलं, तुझं नाही

प्रिय बाबा,

गोजराआत्याला सांग, सकाळी अकरा वाजता धडधाकट माणूस झोपलेला नसतो. बावीस दिवसांत मी रोज फोन केला आणि रोज तिचं एकच, 'पंढरी झोपलाय'. आयुष्यभर पहाटे चारला उठून कंपनीची बस काढणाऱ्या माणसाला उरणच्या हवेत एवढी झोप यायला लागली असेल तर आम्हीही तिकडेच राहायला येतो. म्हणून हे पत्र. आलेला कागद दोनदा वाचल्याशिवाय तू खाली ठेवत नाहीस, मग ते विजेचं बिल का असेना. शिवाय समोर आले तर मी भांडणार. माझी जीभ आईवर गेली असं तू म्हणतोस, आई म्हणते तुझ्यावर. काही असलं तरी कागदावर ती जरा ताब्यात राहते.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे. तुझ्या खुर्चीवर हल्ली मांजर बसतं आणि आई त्याला उठवत नाही. सुकट आणली की अजून तुझ्या वाटणीची वेगळी काढून ठेवते, मग दुसऱ्या दिवशी रूपेशदादाला देते आणि वर त्यालाच ऐकवते. उज्वलाकाकीच्या ओट्याला आपल्या गाडीचा निळा रंग लागलाय. हो, गाडी मी काढली. आपल्या गल्लीतून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राखून गाडी मागे घेणं फक्त तुलाच जमतं, हे मी अख्ख्या घणसोली गावासमोर सिद्ध केलं. काकी रागावली नाही. 'पंढरीदादा कवा येनार?' एवढंच विचारलं, आणि मला वाटतं ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत ऐरोलीला पुलाखाली तुझ्या गाडीतलं पेट्रोल संपलं. महिन्याभराने पुन्हा संपलं, तेही भर रस्त्यात. त्यानंतर एकदा, इंजिन तापल्याचं काटा दाखवत होता म्हणून तू रबाळ्याला गाडी बाजूला घेतलीस आणि मी नि रूपेशदादा पोचलो तेव्हा बोनेट उघडून इंजिनवर हात ठेवून उभा होतास. दादाने हात लावला तर इंजिन नेहमीसारखंच. तू म्हणालास, 'काटा खोटा बोलतंय, मी नाय.' आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं तुला दिसलं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळं हातात घेतलं. चावी काढून तांदळाच्या डब्यात लपवली. वाशीला मेंदूच्या डॉक्टरची मंगळवारची वेळ घेतली. त्या मंगळवारी सकाळी तू पिशवी उचललीस आणि उरणची बस धरलीस.

तू गेल्यावर दोन आठवड्यांनी आईला खांदेश्वरला मावशीकडे सोडायचं होतं, म्हणून गाडी काढली. काटा अर्ध्यावर. मी शहाणी, मी तुझ्यासारखी विसरत नाही, निघताना काटा बघितला होता. तुर्भ्याच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. एक रिक्षावाला थांबला, टाकीचं झाकण काढून गाडी हलवली, कान लावला आणि म्हणाला, 'मॅडम, पेट्रोल बघून निघायचं ना.' अगदी हेच शब्द मी तुला ऐकवले होते, तेही आत्याच्या घरच्यांसमोर. आई मागे बसून पदरात तोंड लपवून हसत होती. हसणं आवरल्यावर म्हणाली, 'आता तुला न्यावी का डागदरकरं?'

बाबा, माझी मला इतकी लाज वाटली. मी तळोज्याला रोज काय करते? कंपनीतले प्रेशरचे, तापमानाचे काटे तपासते. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड घे म्हणून तूच मागे लागला होतास, आणि पहिल्या दिवशी तिथे शिकवलं होतं की काटा वेडंवाकडं दाखवायला लागला तर आधी काटा तपासा, मग टाकीला दोष द्या. बारा वर्षांत मी एकाही काट्यावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. घरी मात्र एका पंचवीस वर्षांच्या गाडीच्या काट्याला खरं धरलं आणि माणसाला खोटं. बाहेर दिवा लावणारी आणि घरात अंधार, ती मी.

रविवारी सुट्टीच्या दिवशी बसले. कंपनीतून लांबून तापमान मोजायचं यंत्र मागून आणलं. डॅशबोर्डवर काटा तांबड्याला टेकलेला आणि इंजिन अगदी नेहमीचं, म्हणजे रबाळ्याला तुझा हात बरोबर होता. मग मागची सीट काढली, टाकीतला तरंगणारा गोळा तपासला, तोही खरं सांगत होता. टाकी खरी, इंजिन खरं, आणि दोन्ही काटे एकाच वेळी खोटे, दोन्ही वरच्याच बाजूला. दोघे एकसारखं खोटं बोलायला लागले की त्यांना पढवणारा कोणीतरी एकच असतो. मीटरच्या मागे बोटभर डबी असते, ती बॅटरीचा करंट मोजून-मापून दोन्ही काट्यांना देते. तिची अर्थिंगची वायर सुटली की ती डबी सगळा करंट सोडून देते आणि दोन्ही काटे वर चढतात. आपली वायर सुटली नव्हती, कातरली होती. एका तारेवर लोंबत होती. खड्डा आला की सुटायची, पुढच्या खड्ड्याला चिकटायची. म्हणून काटा कधी खरा, कधी खोटा, आणि गॅरेजवाल्याकडे नेलं की सगळं ठीक.

आणि ती कशाने कातरली ते ऐक. दोन वर्षांपूर्वी चैत्रात आपण कार्ल्याला गेलो तेव्हा मी एकवीराआईची पितळी मूर्ती घेतली होती. तू ती चिकटपट्टीने डॅशबोर्डवर बसवलीस. मे महिन्यात पट्टी वितळली आणि वळणावर आई तुझ्या मांडीवर आली. मी म्हटलं, रोजची कटकट नको, ड्रिल आणते. तू म्हणालास, 'देवीला स्क्रू नको मारू ग.' मला वाटलं, अंधश्रद्धा. चार मिनिटांत स्क्रू मारून मी मोकळी झाले आणि वर तुला चिडवलं. तो दीड इंची स्क्रू थेट त्या वायरच्या अंगावर उतरला होता. गाडी हादरेल तशी ती दोन वर्षं घासत राहिली. खोटं बोलायला काट्यांना मीच शिकवलं, बाबा.

अजून एक सांगायचं आहे, ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय. मीटर काढण्याआधी मूर्तीच्या शेजारी मी सहज थापटी मारली, तर दोन्ही काटे झपकन खाली आले. तू हेच करायचास. गाडी चालवता चालवता मूर्तीच्या बाजूला थापट्या मारून काट्याशी बोलायचास. त्या डॉक्टरकडचा फॉर्म भरताना 'वागण्यातले बदल' या रकान्यात मी लिहिलं होतं, गाडीशी बोलतात, डॅशबोर्डवर हात आपटतात. तू दोष शोधत होतास आणि बोटभर अंतरावर पोचला होतास. मी त्याला आजार म्हणून लिहून टाकलं. तो फॉर्म मी फाडला आणि पुढे ढकललेली वेळही रद्द केली. वायर नवी घातली, पत्र्याला नीट आवळली. स्क्रू काढून भोक बुजवलं आणि एकवीराआईला पुन्हा चिकटपट्टीवर बसवलं. उन्हाळ्यात मांडीवर आली तर येऊ दे.

तू जायच्या आदल्या संध्याकाळी आपण ओट्यावर बसलो होतो. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, 'जागू, मी इसरतो का ग?' मी मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि ऐकूच आलं नाही असं दाखवलं. मला ऐकू आलं होतं, बाबा. तुला स्वतःचाच भरवसा राहिला नव्हता आणि तो मी काढून घेतला होता, चावीच्या आधी. हे पत्र त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिलंय. नाही. तू विसरत नाहीस. तू खरं सांगत होतास आणि मी काट्याचं ऐकलं. मला माफ कर. आता खिडकीतून बाहेर बघ. गाडी आत्याच्या दारात उभी आहे, टाकी अर्धी आहे आणि काटाही अर्ध्यावर आहे. चावी याच पाकिटात घातली आहे. मी डाव्या सीटवर बसले आहे.

तुझीच,
जागू